कावळ्यानं मंजूर केलेलं कपाट

मंदे, आधी तुला त्या कावळ्याचं सांगते, कारण सगळा घोळ तिथनं सुरू झाला.

रक्षाविसर्जनाला शाळेतले आम्ही सगळे पंचगंगेवर आलो होतो. आम्ही लिंगायत, आमच्या जयसिंगपूरच्या घरात माणसाला पुरतात, त्यामुळं नैवेद्य आणि कावळा हे प्रकरण मला नवीन. मी आपली मागं उभी होते. तुझ्या जावेनं सगळं तुझ्या आवडीचं मांडलं होतं, दहीभात, झुणका, वर भडंगाचा पुडासुद्धा. कावळे झाडावर बसून होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग लोकांनी तुला वचनं द्यायला सुरुवात केली. तुझा दीर म्हणाला, "वहिनी, पोरीच्या लग्नाचं आम्ही बघतो, तुमी काळजी करू नगासा." कावळा हलला नाही. नेसरीहून आलेला तुझा भाऊ म्हणाला, "ताई, वर्साला आंबं घेऊन येतो भाऊजीस्नी." तरी नाही. ऊन चढायला लागलं. तुझा नवरा आनंदराव नुसते त्या पत्रावळीकडं बघत होते, आणि मला ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात आपले मुख्याध्यापक चौगुले सर पुढं झाले. हात जोडून, बक्षीस समारंभात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "देसाई बाई, शाळेत तुमच्या नावानं काचेचं कपाट करतो." आणि कावळा उतरला की गं! नुसता उतरला नाही, चांगला दहीभात उचलून गेला. बायकांनी पदर डोळ्याला लावले. आनंदरावांनी पहिल्यांदा मान वर केली आणि आकाशाकडं बघून हात जोडले. चौगुले सर तर रडायलाच लागले. मी मागं उभी राहून मनात म्हटलं, आता गं बया, झालं कल्याण.

कारण कपाट कशाचं ते मला लगेच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनी सांगितलंच. तुझे ते सगळे छोटे संगणक, पोरांनी शेवटी केलेल्या वस्तूंसकट, जसेच्या तसे काचेआड ठेवायचे. वर तुझा फोटो, हार, खाली पितळी पाटी, आणि कपाटाला कुलूप. किल्ली माझ्याकडं.

मी विचारलं, "आणि पोरं शनिवारी काय करतील?"

"पोरं बघतील की काचेतनं."

"सर, ती बघायची वस्तू आहे व्हय?"

"मगदूम बाई," सर म्हणाले, "तुम्हीच इतकी वर्षं म्हणत होता, ठेवलं पाहिजे, ठेवलं पाहिजे. आता ठेवतोय तर तुम्हीच आडव्या? आणि आता माझ्या हातात काय राहिलंय? कावळा शिवलाय."

माझं तोंड बंद झालं, मंदे. ते तुला माहीत आहे, सहसा होत नाही.

सरांचं खोटं नव्हतं. ठेवायचं म्हणणारी मीच होते. तू मोडायचं म्हणायचीस. एका माजी विद्यार्थ्यानं ते बोर्ड शाळेला पाठवले तेव्हापासून आपलं हेच भांडण. केवढे ते, क्रीमच्या बिस्किटाएवढे. पुढं बारीक लाल दिव्यांच्या ओळी, दोन बटणं, हलवलं की कळणारं, आवाज झाला की कळणारं. मोठ्या संगणकावर आज्ञा लिहायच्या, वायरीनं त्यात पाठवायच्या, मग सेल लावून कुठंही न्या. मी गणिताची बाई. मी म्हटलं, पहिल्या धड्यापासून पायरीपायरीनं शिकवू, सगळ्यांनी एकच करायचं, एकसारखं तपासायचं. तू म्हणालीस, "अक्का, सगळ्यांनी एकच करायचं तर एकच पोरगं बोलवूया की."

बोर्ड थोडे आणि पोरं ढीगभर. म्हणून तू तो नियम काढलास. आठवडाभर जे करायचं ते करा, पण शनिवारी शाळा सुटायच्या आत स्वतःच्या हातानं मोडायचं. पुठ्ठा वेगळा, वायरी वेगळ्या, बोर्डातल्या आज्ञा पुसायच्या आणि बोर्ड पुढच्या गटाला द्यायचा. पोरं कुरकुरायची. पालक येऊन म्हणायचे, बाई, घरी न्यायचं होतं, पावण्यास्नी दाखवायचं होतं. तू ऐकायची नाहीस.

मी कितीदा त्या वर्गाच्या दारात उभी राहून तुला शिकवताना बघितलंय. शिकवताना म्हणजे काय, तू काही शिकवायचीच नाहीस. पोरगं यायचं, "बाई, चालंना झालंय." तू बोर्डाकडं बघायचीसुद्धा नाहीस. म्हणायचीस, "तू त्याला काय सांगितलंस ते मोठ्यानं वाच." पोरगं स्वतःचीच आज्ञा वाचायला लागायचं आणि मधेच थांबायचं. "अय्यो, हितं चुकलंय." आणि पळायचं जागेवर. माझा जीव वरखाली व्हायचा. तास संपत आलाय, एक ओळ सांगितली असती तर झालं असतं! तू निवांत चहाचा कप घेऊन उभी.

तालमीत जाणाऱ्या पोरांनी जोर मोजायचं यंत्र केलं ते आठवतंय? दंडाला बोर्ड बांधायचा, एक जोर मारला की आकडा वाढायचा. दुसऱ्या दिवशी तालमीत दाखवायला गेले तर एकानं उभ्या उभ्या हात हलवून शंभर जोर काढले. वस्तादांनी यंत्र बाजूला ठेवून खरे काढायला लावले. पोरं रडकुंडीला येऊन तुझ्याकडं आली. तू पोट धरून हसलीस आणि म्हणालीस, "मग आता खरा जोर आणि लबाड जोर ह्यातला फरक त्याला कसा सांगायचा?" पुढचा सगळा आठवडा त्यात गेला. मी म्हटलं गणिताचा तास बुडाला. तू म्हणालीस हेच गणित. त्यावरनं आपण दोघी जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता भांडलो.

आणि खंडेनवमीला तूच काय केलंस! विज्ञानाची बाई, सगळ्या शाळेला अंधश्रद्धेवर भाषण देणारी. सणाची सुट्टी म्हणून आदल्या दिवशीच सगळे बोर्ड ओळीनं मांडलेस, हळदकुंकू वाहिलंस, फूल ठेवलंस आणि वरनं फुलानं पाणी शिंपडलंस. कुंकू वायर जोडायच्या फटीत जाऊन बसलं. दोन बोर्ड कायमचे गेले. मी म्हणाले, "हेच शिकवायचं होतं व्हय?" तू लाल झालीस, पण सोमवारी पोरांसमोर उभी राहून म्हणालीस, "चूक मी केलो. आता कुठं नि कसं बिघडलं ते तुमी हुडकायचं." आणि पोरं जुने टूथब्रश घेऊन बसली. एवढं मोठ्यानं चूक कबूल करणारी बाई त्या पोरांनी आधी बघितली नव्हती. मीही नव्हती बघितली. हे मी तुला तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

आपलं शेवटचं भांडण मात्र चेष्टेचं नव्हतं. आठवीतल्या अमृतानं रुसणारं यंत्र केलं होतं. अमृता म्हणजे शेवटच्या बाकावरची, हजेरीला सुद्धा तोंड न उघडणारी. तिनं पुठ्ठ्याच्या डबीत बोर्ड बसवला. कुणी बराच वेळ उचललं नाही की दिव्यांचं तोंड खाली वळायचं, रुसायचं. उचलून हलवलं तरी लगेच हसायचं नाही, थोडा वेळ तसंच राहायचं. मी विचारलं, "बिघडलंय का गं? हसायला वेळ का लावतंय?" ती खाली बघत म्हणाली, "मी तरी कुठं लगेच हसतो, बाई?"

मी तुला बाजूला घेतलं आणि म्हटलं, हे प्रदर्शनाला पाठवायचं. हे मोडायचं नाही.

"शनिवार हाय, अक्का."

"एकदा राहू दे की. पहिल्यांदा काहीतरी केलंय पोरीनं."

"हे राहिलं की ती बी हितंच राहती. सगळी म्हणतील रुसणारं यंत्र करणारी अमृता. दुसरं कायतरी करायची तिची छाती व्हणार न्हाय."

"पोर रडतीया, मंदे."

"रडू दे. सोमवारी नवीन घेऊन येती का न्हाय बघ."

तिनं मोडलं. पुसलं. बोर्ड तुझ्या टेबलावर ठेवून गेली, आणि सोमवारी काही नवीन घेऊन आली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. मी तुला रोज विचारायची, "आली का?" तू म्हणायचीस, "थांब की गं." आणि मग तूच यायची थांबलीस.

दवाखान्यात मी तुला भेटायला आले तेव्हा सगळं भांडण मनात तयार करून आले होते. मोडायची ती वस्तू, पोरीचं मन कशाला मोडायचं, असं बोलायचं ठरवलं होतं. तुझा चेहरा बघितला आणि कॅन्टीनच्या चहाबद्दल बोलत बसले. तुझ्या लक्षात आलं. म्हणालीस, "भांड की गं, गप का बसलीयास?" मी म्हटलं, "बरी हो, मग भांडते." तू हसलीस. नर्स आली आणि मला बाहेर काढलं. तेवढंच झालं आपलं.

आता मला सांग, मी कावळ्याशी कशी भांडू?

मुख्य अडचण वेगळीच होती. तू यायची थांबलीस त्या आठवड्यात पोरांनी जे केलं होतं, ते तसंच टेबलांवर उभं होतं. कुणी मोडलं नव्हतं. तुझ्यासमोर जोडलेलं ते शेवटचं, त्याला हात लावायचा कुणी? चौकातला सिग्नल, कुकरच्या शिट्ट्या मोजायचं यंत्र, सगळं तसंच. सेल संपले, दिवे गेले. मी शनिवारी वर्ग उघडला तर पोरं बाकावर हाताची घडी घालून बसली, देवळात बसल्यासारखी. एकानं हळूच विचारलं, "बाई, आज मोडायचं का?" मी म्हटलं, बघू. त्यांनी आपापली दप्तरं उचलली आणि गेली. त्या वर्गात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खरं सांगते, मला तुझा राग आला. एवढा गोंधळ घालायला शिकवलंस आणि निघून गेलीस!

शेवटी मी तुझ्या घरी गेले, मंगळवार पेठेत. आनंदराव एकटेच होते, पोरगी पुण्याला परत गेलेली. मी सरळच विचारलं, "भाऊजी, त्या कपाटाचं तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी मला खुर्ची पुढं केली. मग म्हणाले, "बाई, घाटावरचा कावळा त्यो. रोज कुणाचं ना कुणाचं जेवतोय. त्याला सर काय बोललं ते काय कळतंय, हे मला बी कळतंय की."

"मग?"

"पर त्या वक्ताला मला बरं वाटलं. वाटलं, ऐकतीया ही."

उठताना मी एवढंच म्हणाले, "शनिवारी शाळेत येता का? ती कुठं काय करायची ते बघून तरी जा. कधी आला नाहीत तुम्ही." ते म्हणाले, बघतो.

तोवर कपाट आलं होतं. चौगुले सरांनी हौसेनं करून घेतलेलं, सागवानी चौकट, स्वच्छ काच. मी सरांना म्हटलं, "सर, तुम्ही कपाट म्हणालात. ते झालं. तुमचा शब्द पाळला गेला, कावळाही समाधानी. आत काय ठेवणार आणि कुलूप लावणार, हे तुम्ही घाटावर कुठं बोलला होतात?"

सर म्हणाले, "बाई, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं."

"आत सेल ठेवू, वायरी ठेवू, पुठ्ठा, चिकटपट्टी. मोडल्यावर बोर्ड रात्रीपुरते तिथंच. वर फोटो तिचाच राहू दे. पण दार उघडं पाहिजे, पोरांचा हात पोचेल असं."

"आणि आनंदराव? त्यांना काय वाटेल?"

ते मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ते येणार आहेत. त्यांच्यासमोरच काय ते होऊ दे. ते नको म्हणाले तर मी कुलूप लावीन." आणि मंदे, मी काय पणाला लावलं होतं ते मला कळत होतं. तो माणूस नको म्हणाला असता तर मी खरंच कुलूप लावलं असतं, आणि तुझा वर्ग माझ्याच हातानं संपला असता.

आनंदराव आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पोरं उभी राहिली. ते टेबलांमधनं हळूहळू फिरले. शिट्ट्या मोजायच्या यंत्रापाशी थांबले, वाकून बघितलं.

"हे काय करतंय?"

"कुकरच्या शिट्ट्या मोजतंय, काका," एक पोरगी म्हणाली.

"मग मोजू दे की."

"आता बंद हाय, काका. सगळीच बंद हायती."

"बंद?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. आनंदरावांनी ते यंत्र उचललं, पुठ्ठ्यावरचं रबर काढलं, आतला बोर्ड हातात घेतला. पोरीकडं देत म्हणाले, "बंद का ठेवलाय मग? ही खवळली असती की."

बस. कुणीतरी तेवढंच म्हणायची वाट बघत होता सगळा वर्ग. सिग्नल उतरला, वायरी निघाल्या, पुठ्ठे फाटले. दोघं तिघं मोडताना रडली आणि मी रडू दिलं. चौगुले सर दारात उभे होते, ते आत आले आणि स्वतः कपाटाच्या खालच्या कप्प्यात वायरी गुंडाळून ठेवायला लागले.

मग अमृता उठली. मला वाटलं बाहेर चाललीय. ती सरळ आनंदरावांपुढं जाऊन उभी राहिली. "काका, तुमाला काय पायजे? करून देतो."

"मला काय पायजे असणार, बाळ?"

"कायबी चालतंय."

ते म्हणाले, "ही शाळेतनं आली की दारातनंच वरडायची, चहा टाका. चप्पल काढायच्या आधी. आता मी चहाच टाकत न्हाय. एकट्यापुरता कशाला टाकायचा?"

अमृता बोर्ड घेऊन कोपऱ्यात बसली आणि तास संपायच्या आत घेऊन आली. दाराला लावायचं. दार हललं की दिव्यांचा कप उमटतो, कपावरनं वाफ वर जाते, आणि आतलं बटण दाबेपर्यंत थांबतच नाही. "चहा टाकला की दाबायचं," तिनं बजावलं. "लबाडी करायची न्हाय."

तिनं नवीन आणलं, मंदे. तू म्हणाली होतीस त्या सोमवारी नाही आणलं. तू असेपर्यंत नाही आणलं. त्यामुळं भांडण तू जिंकलीस असं मी अजून म्हणणार नाही. पोरीचे ते मधले आठवडे मी बघितलेत. ते फुकट गेले असं तुला वाटत नसेल, मला वाटतं. पण तिनं आणलं, आणि ते तुला दिसलं नाही, ह्याचं मला जे वाटतं ते कुठं सांगू? स्टाफरूममध्ये शेजारची खुर्ची रिकामी आहे. डबा उघडते आणि भांडायला कुणी नाही म्हणून झाकून ठेवते. तू मला कधी बरोबर म्हणाली नाहीस, पण रोज माझं ऐकून घेऊन मग खोडून काढायचीस. एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही गं.

आनंदराव बोर्ड घेऊन निघाले तेव्हा दारात थबकले. त्यांना नियम माहीत होता, तू घरी सांगत असणार. विचारलं, "पुढच्या शनिवारी हे मोडायला लागंल न्हवं?"

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. अमृतासुद्धा. इतकी वर्षं राहू दे म्हणणारी मी, आणि आता राहू द्यायला ह्याच्यापेक्षा चांगलं कारण कधी मिळणार होतं? जिभेवर आलं होतं, राहू दे भाऊजी, हे तेवढं राहू दे.

माझ्या तोंडातनं निघालं, "व्हय. शनिवारी घेऊन या."

घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होते. वाटलं, माणूस येणारच नाही आता. कशाला येईल? काढून घ्यायला कोण स्वतः होऊन येतंय?

आज शनिवार होता. वर्ग भरायच्या आधीच आनंदराव दारात उभे होते. पिशवीतनं बोर्ड काढला आणि अमृताच्या हातात दिला. म्हणाले, "आठवडाभर चहा टाकला. दोन दिवस शेजारच्या अण्णालाबी बोलावलं." तिनं विचारलं, "पुसू?" त्यांनी मान हलवली आणि ती वायर लावायला लागली तशी तोंड खिडकीकडं फिरवलं. दिवे विझले. मग खुर्ची ओढून पोरांच्यात बसले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "हं. आता दुसरं काय करूया?"

मी फळ्याकडं तोंड केलं, मंदे, आणि काहीही लिहायचं नसताना खडू घेऊन बराच वेळ उभी राहिले.